नोकरी आणि अडीच एकर द्राक्षबाग : दोन्ही जमेल का?

भाऊ, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. मला समजला तो असा. तुम्ही अंबडच्या एका कारखान्यात मेंटेनन्सला आहात, वय एकोणचाळीस, बायकोही नोकरी करते, राहायला नाशिकमध्ये. कसबे सुकेण्याजवळ घरची अडीच एकर थॉमसन जातीची द्राक्षं आहेत. आजवर वडिलांनी ती एकट्याने सांभाळली, आता त्यांचे गुडघे साथ देत नाहीत. नातेवाईक म्हणतात, बाग वाट्याने देऊन टाका. वडिलांना ते सहन होत नाही. तुम्ही हिशोब मांडलात की रोज सकाळचे दोन तास आणि रविवार धरून आठवड्याला वीस-बावीस तास बागेला देता येतील. एवढ्यात भागेल का, की नोकरी सोडावी, हे तुम्हाला विचारायचं आहे.

माझी दिंडोरी तालुक्यात तीन एकर बाग आहे आणि सातपूरला एका कंपनीत क्वालिटी विभागात नोकरी. दोन्ही मिळून एकोणीस वर्षं झाली. पण एक फरक आधीच सांगतो, कारण तो मोठा आहे. माझं घर बागेतच आहे. रात्री दोनला पावसाचा आवाज आला की मी उठून पडवीत येतो. तुम्हाला तो आवाज नाशिकच्या फ्लॅटमध्ये ऐकू येणार नाही. तेव्हा माझं सगळंच तुम्हाला जसंच्या तसं लागू पडेल असं समजू नका.

तासांचं म्हणाल तर वीस तास पुरतात. अडीच एकराला मालकाच्या हाताचे एवढे तास लागतही नाहीत, कारण छाटणी, फेल म्हणजे नको असलेल्या फुटी काढणं, विरळणी, डिपिंग म्हणजे घड द्रावणात बुडवणं ही हाताची कामं मजुरांची टोळीच करते. घोडं अडतं ते दुसरीकडे. वर्षात साधारण पंचेचाळीस-पन्नास दिवस असे येतात की त्या दिवशीचं काम त्याच दिवशी व्हावं लागतं. फळछाटणीनंतर, म्हणजे ऑक्टोबरच्या छाटणीनंतर, बाग फुटल्यापासून मणी सेट होईपर्यंतचे हे दिवस. त्या काळात बागेत रोज सकाळी कोणीतरी पान उलटून बघणारं आणि बघितल्यावर लगेच ठरवणारं माणूस लागतं. ते माणूस तुमच्याकडे आहे का, यावर माझं उत्तर अवलंबून आहे.

हे मी कशावरून म्हणतो ते सांगतो. नोकरी लागून मला चार-पाच वर्षं झाली होती. फळछाटणीचा तेविसावा दिवस, घड नुकते मोकळे झालेले. रात्री पाऊस शिंतडून गेला आणि पहाटे असं धुकं पडलं की मांडवाच्या तारांवरून थेंब गळत होते. माझी फर्स्ट शिफ्ट, मी अंधारातच निघालो. अकराला वडिलांचा फोन आला, "पानाच्या वर तेलासारखा डाग आहे, उलटून बघितलं तर पांढरं दिसतंय." म्हणजे डाऊनी, बुरशीचा रोग. त्या दिवशी कंपनीत ग्राहकाचं ऑडिट होतं. मी म्हणालो, आल्यावर बघू. आलो तोवर दिवस मावळला होता. दुसऱ्या दिवशी ज्यांचा ब्लोअर (ट्रॅक्टरवरचं फवारणी यंत्र) आम्ही घ्यायचो त्यांची स्वतःचीच फवारणी चालू होती. आमची फवारणी झाली तिसऱ्या दिवशी दुपारी. तोवर बुरशी पानावरून घडावर गेली होती. एक एकराच्या तुकड्यातले निम्म्याच्या वर घड काळे पडून सुकले. मी घड हातात धरायचो आणि देठासकट निघून यायचा.

वडिलांनी ते वेळेवर बघितलं होतं. ब्लोअर कोणाला मागायचा, डाऊनीवर काय मारायचं, हेही त्यांना माहीत होतं. ते थांबले ते माझ्या परवानगीसाठी, कारण मी नोकरीला लागल्यापासून औषधांचा सगळा कारभार माझ्या हातात घेतला होता. तेव्हापासून आमच्या घरात एक रीत आहे: ज्याने पान उलटून बघितलं त्यानेच फवारणी सुरू करायची. मला फक्त कळवायचं.

तुमच्या वडिलांचे गुडघे गेले आहेत, नजर गेलेली नाही. त्यांच्यावर पाठीवरचा पंप, ट्रॅक्टर, टोळीमागे ओळीओळीने फिरणं यातलं काहीही टाकू नका. पण सकाळी सातला काठी घेऊन ठरलेल्या चार ओळींतून हळूहळू चालायचं, प्रत्येक ओळीत दहा-बारा पानं उलटायची आणि त्यांना जे वाटेल ते ठरवायचं, हे काम त्यांच्याइतकं चांगलं तुम्हाला अजून दहा वर्षं जमणार नाही. त्या चार ओळी पडीकडच्या, झाडीजवळच्या, जिथे वारा कमी लागतो आणि दव उशिरा वाळतं अशा निवडा. रोग आधी तिथेच येतो. आणि वडिलांनी सांगितलेलं ऑफिसातून फोनवर खोडू नका. चुकले तर एखादी फवारणी जास्त होईल, तिचे पैसे परवडतात.

त्यांना तेही झेपणार नसेल, तर त्या पन्नास दिवसांसाठी पगारी विश्वासू माणूस लागेल. सालगडी ठेवलात तर तो बागेत राहणारा हवा. खाजगी सल्लागार घेतात पुष्कळ जण, मीही घेतो, आणि नोकरीवाल्याला त्याचा उपयोग होतो. पण सल्लागार आठवड्यातून एकदा येतो. मधल्या सहा दिवसांची नजर घरचीच लागते.

आता वर्षाचं चक्र तुमच्या रजेच्या नजरेतून बघू. लोकांना वाटतं ऑक्टोबरची छाटणी म्हणजेच सगळं. पण पुढच्या हंगामाचा घड एप्रिलच्या खरड छाटणीनंतर (माल निघाल्यावर नव्या काड्या याव्यात म्हणून करतात ती) साधारण चाळीस ते साठ दिवसांत काडीतल्या डोळ्यात, म्हणजे फुटीच्या कळीत, तयार होतो. म्हणजे मे-जूनमध्ये. त्या वेळी डोळ्याला ऊन लागतं, काड्यांची विरळणी वेळेवर लागते, शेंडा वेळेवर मारावा लागतो, पाणी मोजून द्यावं लागतं. 2025 ला मे महिन्यातच पाऊस सुरू झाला, आभाळ हटेना, आणि ऑक्टोबरला छाटल्यावर कित्येक बागा नुसत्याच पालवल्या, घड दिसेनात. त्या ऑक्टोबरमध्ये किती का धावपळ केली असती तरी मेमध्ये न झालेला घड काडीत आला नसता. नोकरीवाले आम्ही नेमके इथे चुकतो. मार्चमध्ये माल निघतो, थकवा असतो, मेमध्ये पोरांच्या सुट्ट्या आणि लग्नं, आणि बाग टोळीच्या मुकादमावर सुटते. मेमधले तीन-चार रविवार लग्नांना नकार द्या. एवढं केलंत तरी बरंच साधेल. या काळात घाई तासांची नसते, चार दिवस इकडे-तिकडे चालतात, म्हणून रविवारवर भागतं.

फळछाटणीनंतर मात्र रविवारवर भागत नाही. मला वर्षाला एकवीस दिवस भरपगारी रजा मिळते, त्यातल्या चौदा मी ऑक्टोबर-नोव्हेंबरसाठी राखून ठेवतो. आजारी पडलो तरी त्यांना हात लावत नाही. छाटणीचा आणि पेस्टचा (डोळे एकसारखे फुटावेत म्हणून काडीला लावतात ते औषध) असे दोन दिवस पूर्ण बागेत. पेस्टच्या दिवशी मालकाने उभं राहावंच. तिच्यातलं हायड्रोजन सायनामाईड जहाल असतं. हातमोजे, अंगभर कपडे हवेत, आणि पेस्ट लावणाऱ्याने त्या दिवशी आणि पुढचे काही दिवस दारूला शिवायचं नाही. अंगात गेलेलं सायनामाईड आणि दारू एकत्र आली की चेहरा लाल होतो, छाती धडधडते, माणूस दवाखान्यात जातो. हे मजुरांना मी स्वतः, दरवर्षी, काम सुरू करण्याआधी सांगतो. मुकादमावर सोडत नाही.

उरलेल्या रजा सलग घेऊ नका. मी अर्ध्या-अर्ध्या दिवसाच्या घेतो, सकाळचा अर्धा दिवस. दव वाळण्याआधी बाग बघून, फवारणी उरकून साडेबाराला कंपनीत. तुमच्याकडे शिफ्ट असतील तर त्याहून सोपं आहे. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये सेकंड शिफ्ट मागून घ्या. ती सहसा कोणाला नको असते, त्यामुळे मिळते. सकाळ पूर्ण हातात राहते. त्या बदल्यात मे महिन्यात सहकाऱ्यांच्या रात्रपाळ्या मी करतो. अशी देवाणघेवाण करताना साहेबाला खरं कारण सांगा. मी सुरुवातीला आजारपणाची कारणं द्यायचो, ते जास्त काळ टिकलं नाही. आता माझ्या साहेबांना दोडा अवस्था (घड फुलोऱ्यात येतो ती) कधी असते ते ठाऊक आहे.

छाटणीची तारीख ठरवताना दिवाळी बघावी लागते, आणि यात नवखा माणूस हमखास फसतो. त्याला वाटतं दिवाळीत आपल्याला चार दिवस सुट्टी, तेव्हा हाताची कामं काढू. पण आपल्याकडची टोळी पेठ-सुरगाण्याकडची. दिवाळीला ते लोक घरी जातात आणि आठ-दहा दिवस येत नाहीत. त्यांनी जावंच. यंदा लक्ष्मीपूजन 8 नोव्हेंबरला आहे. समजा तुम्ही 22 ऑक्टोबरला छाटलं, तर दिवाळी येते पंधराव्या ते विसाव्या दिवसात, म्हणजे ऐन फेल काढायच्या वेळी. तुम्ही सुट्टीवर, टोळी गावाला, आणि नको असलेल्या फुटी घडांचं अन्न खात बसलेल्या. त्याऐवजी 4-5 ऑक्टोबरला छाटलं, तर फेल काढणं 20 ते 25 ऑक्टोबरच्या आसपास उरकतं, दिवाळीत बाग फुलोऱ्याकडे असते, तेव्हा काम फक्त फवारणीचं, त्याला ब्लोअर आणि एक माणूस पुरतो, आणि विरळणीला हात लावायच्या आत टोळी परत आलेली असते. गेल्या वर्षी, 2025 ला, लक्ष्मीपूजन 21 ऑक्टोबरला होतं, तेव्हा हाच हिशोब पूर्ण वेगळा होता. म्हणून ठरलेली एकच तारीख दरवर्षी धरू नका. लवकर छाटण्यात परतीच्या पावसाचा धोका आहे हेही खरं. पोंग्यात, म्हणजे डोळे नुकते फुटत असताना, पाऊस सापडला तर फवारण्या वाढतात. तुमच्या भागात तो कधी आटोपतो ते वडिलांना विचारा आणि त्याच्याशी दिवाळी जुळवा.

आणखी एक. मोठे बागायतदार टोळी पुरावी म्हणून तुकडे पंधरा-पंधरा दिवसांच्या अंतराने छाटतात. तुम्ही तसं करू नका. अडीच एकर दोन दिवसांत संपवा. सगळी बाग एकाच अवस्थेत असली की डोक्याला ताण एकदाच येतो आणि रजाही एकदाच लागते. शिवाय एकच फवारणी सगळीकडे चालते.

आता शेडमधली एक गोष्ट. नोकरीवाल्याच्या बागेत बहुतेक चुका औषध मिसळताना होतात, कारण मिसळणारा माणूस वेगळा आणि ठरवणारा वेगळा. माझ्याकडे एका मुलाने एकदा एका औषधाचं एका टाकीचं माप दोन टाक्यांत वाटलं आणि दुसऱ्या औषधाचं दोन टाक्यांचं माप एकाच टाकीत टाकलं होतं. दोष त्याचा नव्हता, मी फोनवर घाईत सांगितलं होतं. त्या रात्रीपासून मी घट्ट झाकणाचे डबे आणले. फवारणीच्या आदल्या रात्री, हातमोजे घालून, वजनकाट्यावर प्रत्येक टाकीचं औषध वेगळं मोजतो आणि डब्यावर पट्टी चिकटवतो : "टाकी 1, आधी हे", "टाकी 1, नंतर हे". शेडच्या भिंतीला पांढरी पाटी आहे. तिच्यावर छाटणीपासूनचा दिवस, आजची फवारणी आणि खाली तीन ओळी कायमच्या : रात्रभर पान ओलं राहिलं तर काय मारायचं, दुपारी ढग आणि कोरडी हवा राहिली तर भुरी या दुसऱ्या बुरशीसाठी काय, आणि पाऊस चालूच असेल तर काय करायचं नाही. ती औषधं हंगाम सुरू होण्याआधी सल्लागाराशी बोलून ठरवलेली आणि आणून ठेवलेली असतात. वडिलांना, बायकोला, ट्रॅक्टरवाल्या मुलाला, कोणालाही मला फोन करावा लागत नाही.

त्याच पाटीवरून रोज रात्री नोंदवही भरतो. निर्यातीचा विचार नसला तरी भरा. पुण्याजवळच्या मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राची औषधांची यादी निघते, कोणतं औषध काढणीआधी किती दिवस बंद करायचं ते तिच्यात असतं. 2010 ला लिहोसीनचा, म्हणजे क्लोरमेक्वाट क्लोराईडचा, अंश सापडला म्हणून आपली द्राक्षं युरोपात अडकली होती. ज्यांनी ते औषध महिनोन्‌महिने आधी वापरलं होतं त्यांनाही आपल्या मालात ते उतरेल असं वाटलं नव्हतं. तुम्ही दिवसा बागेत नसता, त्यामुळे कोणी काय मारलं याचा पुरावा ती वहीच असते.

पाण्याचं मात्र आता सोपं झालंय. मोबाईल स्टार्टर बसवून घ्या, वीज दिवसाची असो की रात्रीची, मोटार नाशिकमधून चालू-बंद होईल. पण आठवड्यातून एकदा शेवटच्या ओळीतला ड्रिपर हातावर धरून बघाच. मोटार चालू असल्याचा मेसेज येतो आणि पाइप मध्येच निसटलेला असतो, हे माझ्याकडे दोनदा झालंय. डिसेंबर-जानेवारीत निफाडला कडाका पडतो तेव्हा पहाटे ठिबक सोडायलाही हा स्टार्टर कामी येतो. थंडीने मणी तडकू नयेत म्हणून शेकोट्या पेटवायला मात्र माणूसच लागतो.

वाट्याने देण्याबद्दल. नातेवाईक म्हणतात ते वाईट नाही, पण द्राक्षात निम्म्या वाट्याचा व्यवहार कापूस-सोयाबीनसारखा चालत नाही. वाटेकऱ्याचं डोकं या हंगामाच्या मालात असतं. तो वेलीवर जास्त घड ठेवतो, वजन काढतो, आणि खरड छाटणीनंतरची मेहनत, खत, काडीची पक्वता यात हात आखडता घेतो, कारण त्याचं फळ पुढच्या वर्षी, कदाचित त्याच्या हातात बाग नसताना, मिळणार असतं. दोन वर्षांत ओलांडे, म्हणजे तारांवर आडवे वळवलेले वेलीचे जाड फाटे, रिकामे पडायला लागतात. द्यायचीच असेल तर एका वर्षासाठी देऊ नका, किमान तीन वर्षांचा लेखी करार करा, खरड छाटणीचा खर्च तुम्ही उचला आणि वेलीवर किती घड ठेवायचे ते करारात लिहा. वडिलांना सहन होत नाही म्हणालात, त्यामागे ही जाण असेल. त्यांनी इतकी वर्षं ते ओलांडे घडवलेत.

वाइनची द्राक्षं लावावीत का, असंही तुम्ही शेवटी विचारलंय. नोकरीवाल्याला ती खरंच सोयीची. डिपिंग नाही, मण्यांची विरळणी नाही, मणी फुगवायची धडपड नाही, मजुरी बरीच कमी. काढणीची तारीख वायनरी गोडी बघून ठरवते. किलोमागे भाव टेबल द्राक्षाच्या चांगल्या मालाइतका मिळत नाही, पण हाताच्या कामांची धावपळ बरीच वाचते. अट एकच : आधी वायनरीचा लेखी करार, मग लागवड. 2009-10 च्या सुमाराला वायनऱ्यांनी माल उचलणं थांबवलं तेव्हा आपल्याच जिल्ह्यात चांगल्या उभ्या बागा लोकांनी कुऱ्हाडीने तोडल्या. ती द्राक्षं बाजारात खायला कोणी घेत नाही. तुमची थॉमसन किती वर्षांची आहे आणि डॉगरिज या खुंटावर कलम केलेली आहे की स्वतःच्या मुळावर, हे तुम्ही लिहिलं नाही. बाग पंधराच्या पुढे गेली असेल आणि थकली असेल, तर तिच्यातला एक एकर काढून फक्त दीड एकर ठेवणं हाही चांगला मार्ग आहे. दीड एकर नीट सांभाळलेली बाग अडीच एकर ओढाताण केलेल्या बागेपेक्षा जास्त पैसे देते, हे मी माझ्या तीन एकरांत अनुभवलंय. आमची आधी साडेचार होती.

पैशाचं थोडक्यात, पण मनावर घ्या. पगार आणि बाग यांची बँक खाती वेगळी ठेवा. आमच्या वहीत गेल्या हंगामात एकरी तीन लाखांच्या जरा खाली खर्च पडला. तो पगारातून हळूहळू झिरपत गेला तर बाग नफ्यात आहे की तुम्ही तिला पोसताय हे कधीच कळत नाही. मी दरवर्षी छाटणीआधी पगारातून ठरलेली एक रक्कम बागेच्या खात्यात उसनी म्हणून टाकतो आणि माल निघाला की परत घेतो. पगाराचा खरा फायदा इथे आहे : कृषी सेवा केंद्रात तुम्ही रोखीने औषध घेऊ शकता. उधारीवर घेणाऱ्याला दुकानदार देईल ते घ्यावं लागतं, भावही जास्त लागतो. रोखीवाला नको ते नाकारू शकतो.

करात एक गोष्ट पगारदारांच्या ध्यानात येत नाही. शेतीचं उत्पन्न करमुक्त आहे, पण ते निव्वळ पाच हजार रुपयांच्या वर असेल आणि पगार करपात्र असेल, तर कराचा दर ठरवताना ते पगारात मिळवून बघतात. त्यामुळे पगारावरचा कर वाढू शकतो. रिटर्नमध्ये ते दाखवावंच लागतं, आणि मग आयटीआर-1 हा साधा फॉर्म चालत नाही. कंपनीतला माणूस फॉर्म 16 वरून आयटीआर-1 भरून देतो, त्याला बागेचं सांगा. फळपीक विमाही काढा, पण त्याची भरपाई महसूल मंडळातल्या हवामान केंद्राच्या आकड्यांवर ठरते, तुमच्या बागेत काय झालं त्यावर नाही, हे वडिलांना आधीच समजावून ठेवा.

विक्रीच्या वेळी काटा चालू असताना घरचं माणूस उभं असलंच पाहिजे. व्यापारी आठवड्याच्या मधल्या दिवशी येतात, रविवार बघून येत नाहीत. त्यासाठी मी दोन-तीन रजा फेब्रुवारीला ठेवतो. एका वर्षी मी कामावर होतो, माल गेला, आणि "उद्या पाठवतो" म्हणणाऱ्या व्यापाऱ्याचा फोन कायमचा बंद झाला. दीड लाखाच्या वर रक्कम होती. आता पैसे खात्यात दिसल्याशिवाय गाडी बांधावरून हलत नाही. त्यामुळे भाव किलोला रुपया-दोन रुपये कमी मिळतो. मी तो घेतो.

तुमच्या बायकोबद्दल तुम्ही एकच ओळ लिहिलीत. माझी बाग खरं तर माझ्या बायकोने चालवली. टोळीची हजेरी, चहा, डिपिंगच्या दिवशी द्रावणाच्या बादल्यांवर लक्ष, मजुरांची देणी हे सगळं तिने केलं आणि पहिली आठ-नऊ वर्षं मी लोकांना सांगताना "मी नोकरी करून बाग बघतो" असंच सांगत राहिलो. नंतर सातबाऱ्यावर तिचं नाव लावलं आणि मालाचे पैसे तिच्या खात्यात यायला लागले. तुमच्या घरी ती नोकरी करते, म्हणजे हे काम तिच्याकडे आपोआप जाणार नाही. जाऊही नये. तुमच्या योजनेत ते कोणाच्या नावावर आहे ते स्पष्ट लिहा.

आता नोकरी सोडायचं. सोडू नका, निदान पुढची तीन वर्षं. अडीच एकर टेबल द्राक्ष एका चांगल्या वर्षी तुमच्या पगाराइतकं देईल, पण लागोपाठ दोन वर्षं काहीच न देणंही तिच्याकडून होतं. 26 नोव्हेंबर 2023 ला निफाडकडे गारपीट झाली तो रविवार होता. लोक घरीच होते, बागेत उभे होते. गारांपुढे कोणाचंच काही चाललं नाही. तसं वर्ष तुमच्या वाट्याला आलं, तर "मी नोकरीत अडकलो म्हणून बाग गेली" असं मनाला लावून घेऊ नका. त्या वर्षी पगारानेच आमच्या बागेची पुढची खरड छाटणी झाली, आणि पूर्णवेळ शेती करणाऱ्या माझ्या चुलतभावाला तिच्यासाठी कर्ज काढावं लागलं.

तर माझ्या मते क्रम असा ठेवा. आधी त्या पन्नास दिवसांत रोज सकाळी बाग बघून ठरवणारं माणूस नक्की करा. वडील करणार असतील तर त्यांना तो अधिकार मनापासून द्या. असं माणूस मिळालं नाही तर यंदा एक एकराची छाटणीच करू नका किंवा करार करून वाट्याने द्या, पण अडीच एकर टेबल द्राक्ष रविवारवर चालवायला जाऊ नका. माणूस मिळालं तर शिफ्ट आणि रजा आजच मागून ठेवा.

छाटणीला अजून दोन महिने आहेत. सप्टेंबरच्या दुसऱ्या पंधरवड्यात बागेतल्या वेगवेगळ्या भागांतून काड्या काढून प्रयोगशाळेत डोळे तपासून घ्या, काडीवरच्या गाठीच्या (शेंडा मारल्यावर नवी फूट निघते त्या जागेच्या) अलीकडे घड आहे की पलीकडे ते कळेल. वडिलांनाही तो रिपोर्ट दाखवा आणि त्यांचा अंदाज काय होता ते विचारा. मग बागेचं वय, खुंट आणि तो रिपोर्ट मला कळवा, कितव्या डोळ्यावर कापायचं ते आपण मिळून ठरवू.